पहाटेचंच स्वप्न का आठवतं?

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं घरोघरी सांगतात. खरं होतं की नाही ते बाजूला राहू दे. पण रात्री बारा-एकच्या सुमारास पडलेलं स्वप्न सकाळी चहा घेताना कुणी सांगितलंय, असं सहसा होत नाही. सांगितलं जातं ते पहाटेचंच, आणि तेही अर्धंमुर्धं. "आजी होती, नदी होती, पुढे काहीतरी झालं... अरे, आत्ता तर डोळ्यांसमोर होतं!" अंथरुणाची घडी घालेपर्यंत सगळं निसटलेलं असतं. तीस वर्षांपूर्वीचं शाळेतलं बाक आठवतं आणि पाच मिनिटांपूर्वीचं स्वप्न आठवत नाही, हे कसं?

हे कोडं उलगडलं की आणखी एक गोष्ट आवाक्यात येते. स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असं ओळखता येतं. इंग्रजीत याला ल्युसिड ड्रीम म्हणतात, आपण सजग स्वप्न म्हणू. ते शिकायची इच्छा अनेकांना असते, पण सुरुवात बहुतेकजण चुकीच्या टोकाकडून करतात. ज्याला स्वप्नं आठवतच नाहीत, त्याला एखाद्या रात्री सजग स्वप्न पडलं तरी सकाळी त्याचा पत्ता लागणार नाही. म्हणून आधी आठवण, मग सजगता. महाड-पोलादपूरकडच्या वाचकाला या विषयात जवळचंही काही सापडेल, कारण स्वप्नांच्या विस्मरणात ज्या रसायनाचा मोठा हात आहे, त्याच्याशी महाडच्या वैद्यकाची जुनी झुंज आहे.

रात्रीचे फेरे

झोप रात्रभर एकसारखी नसते. साधारण नव्वद मिनिटांचा एक फेरा, असे चार-पाच फेरे एका रात्रीत होतात. फेऱ्यात आधी हलकी झोप येते, मग गाढ, आणि शेवटी असा एक टप्पा ज्यात मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलत असतात. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी हा टप्पा शास्त्रीय नियतकालिकात मांडला. त्याला 'रेम' झोप म्हणतात. या वेळी मेंदू जवळजवळ जागेपणीइतकाच कामात असतो. हातापायांचे स्नायू मात्र मेंदूच्या देठातून आलेल्या हुकमाने सैल पडलेले असतात, नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खरोखरच उठून पळाला असता. रेम झोपेतून उठवलेली माणसं दहातल्या सुमारे आठ वेळा स्वप्न सांगतात. इतर झोपेतही स्वप्नं पडतात, पण ती बहुधा तुटक, नुसत्या विचारासारखी असतात.

पहिल्या फेऱ्यात ही रेम झोप जेमतेम काही मिनिटांची असते. पुढच्या प्रत्येक फेऱ्यात ती लांबत जाते आणि उजाडताना अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त टिकते. रात्रीच्या स्वप्नांचा मोठा वाटा असा शेवटच्या प्रहरात येतो, आणि आपण जागे होतो तेही बहुधा त्यातूनच. पहाटेच्या स्वप्नाचा एवढा मान आहे, तो मला वाटतं इथूनच आला असावा. ते लांबलचक असतं, ठसठशीत असतं आणि जागं होताना हाताशी असतं.

आता पोलादपूरच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीतून महाडच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या माणसाचा विचार करा. एसटी गाठायची म्हणून साडेचारला गजर. अकराला पाठ टेकली असेल तर झोप झाली साडेपाच तास, आणि कापले गेले ते नेमके स्वप्नांचे फेरे. सेकंड करून रात्री उशिरा घरी येणाऱ्याचं तेच. नाईटवाल्याला तर दिवसा झोपायचं असतं, उकाड्यात, दारात पोरं खेळत असताना. यांच्यातला कुणी "मला स्वप्नंच पडत नाहीत" असं म्हणतो, तेव्हा त्याच्या स्वप्नांत नव्हे, झोपेच्या तासांत कमतरता असते. पुढे सांगितलेला कोणताही उपाय करण्याआधी सात-आठ तासांची झोप, निदान सुटीच्या दिवशी तरी, मिळवायला हवी. तिला पर्याय नाही.

सभा जोरात, प्रोसिडिंग कोरं

गावची ग्रामसभा भरली आहे. पाण्याच्या टाकीवरून वाद पेटलाय, कुणी उठून गेलंय, दोन ठराव टाळ्यांनी मंजूरही झालेत. फक्त प्रोसिडिंग लिहिणारा ग्रामसेवक आलेला नाही. माणसं घरी पांगली की काय काय झालं ते ज्याच्या त्याच्या डोक्यात राहील तेवढंच, आणि संध्याकाळपर्यंत तेही विरून जाईल. रेम झोपेतल्या मेंदूची अवस्था अशीच असते. घडत खूप असतं, लिहून कुणी घेत नाही.

इथला ग्रामसेवक म्हणजे नॉरअॅड्रेनॅलिन नावाचं रसायन. मेंदूच्या देठात निळसर पेशींचा एक छोटासा पुंजका आहे. हे रसायन तिथून मेंदूभर पोचतं. 'इकडे लक्ष दे, हे ठेवण्यासारखं आहे' अशी खूण ते करतं. जागेपणी हा पुंजका सतत काम करतो, हलक्या झोपेत मंदावतो आणि रेम झोपेत जवळजवळ गप्प होतो. त्यामुळे स्वप्नातली भीती, आनंद, माणसं, जागा हे सगळं त्या क्षणी खरं वाटतं, पण टिकाऊ नोंद होत नाही. जाग आली की ग्रामसेवक धावतपळत येऊन बसतो, पण तोवर सभा उठलेली असते. स्वप्नाचे शेवटचे धागे मनात काही क्षणच तरंगत असतात. तेवढ्यात गजर बंद केला, मोबाईल पाहिला, 'आज पाणी येणार का' हा विचार आला, की कोऱ्या पानावर या नव्या गोष्टी उतरतात आणि स्वप्न राहून जातं.

विसरणं हे मेंदूचं ठरलेलं कामही असू शकतं. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये उंदरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूच्या तळाशी असलेल्या काही विशिष्ट पेशी रेम झोपेत सक्रिय असतात. त्या तेवढ्या काळापुरत्या बंद केल्यावर उंदरांची स्मरणशक्ती सुधारली. म्हणजे या पेशी विसरायला मदत करत होत्या. स्वप्न आणि प्रत्यक्ष यांची सरमिसळ होऊ नये, यासाठी ही सोय असेल. स्वप्न विसरणारा माणूस त्यामुळे आजारीही नसतो आणि अरसिकही नसतो.

मग काहींना रोज कशी आठवतात? फ्रान्समधल्या लिऑं इथे पेरीन रूबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माणसांचा अभ्यास केला. स्वप्नं नेहमी आठवणारी माणसं रात्रीतून एकूण अर्ध्या तासाच्या आसपास जागी असतात, क्वचित आठवणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट. ही जाग अगदी छोट्या छोट्या तुकड्यांची असते, सकाळी ती स्वतःलाही आठवत नाही. पण त्या प्रत्येक तुकड्यात स्वप्नाची थोडी नोंद होऊन जाते. आषाढात पत्र्यावर सर येते, झोप चाळवते आणि पुन्हा डोळा लागतो. अशा रात्रींनंतर स्वप्नं जास्त आठवत असतील तर कारण हे असू शकतं.

याच्या उलट दारू. ती घेतल्यावर झोप लवकर लागते, पण पूर्वरात्रीतली रेम झोप दबते आणि उत्तररात्र विस्कटते. नैराश्यावरच्या काही औषधांनीही रेम झोप कमी होते. अर्थात स्वप्नांसाठी म्हणून डॉक्टरांची गोळी कुणी स्वतःच्या मनाने थांबवू नये.

डोळे उघडण्याआधीचं मिनिट

या सगळ्यातून उपाय आपोआप निघतो. स्वप्न पकडायचं ते डोळे उघडण्याआधीच्या मिनिटात.

झोपताना मनाशी स्पष्ट ठरवा: जाग आली की पहिला विचार स्वप्नाचा. हे ठरवणं वरवर फुटकळ वाटतं, पण स्वप्नांकडे लक्ष देणाऱ्यांना ती जास्त आठवतात, हे अनेक पाहण्यांत दिसलं आहे. जाग आल्यावर हलू नका. कूस बदलू नका, डोळे मिटलेलेच ठेवा. 'काय स्वप्न पडलं?' असं विचारण्यापेक्षा 'आत्ता मनात काय होतं?' असं विचारा. काही सापडलं नाही तर भावना तपासा. छातीत धडधड आहे का? घाई वाटतेय? कुणाची तरी आठवण येतेय? त्या भावनेला धरून बसलं की बऱ्याचदा एखादं चित्र वर येतं. ते आलं की उलट्या दिशेने जा: याच्या आधी मी कुठे होतो, त्याच्या आधी कोण भेटलं? तरीही कोरंच असेल तर ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर हळूच वळून पाहा, काही वेळा तुटलेला धागा तिथे लागतो.

मग वही. उशाशी वही-पेन आणि हाताला लागेल अशी छोटी बॅटरी असावी. मोबाईलमध्ये लिहू नये, कारण स्क्रीन उघडताच चार निरोप दिसतात आणि स्वप्न गेलंच. पूर्ण वाक्यांच्या मागे लागू नका. समजा वहीत एवढंच उतरलं:

"काळ नदीचा पूल. पाणी लागलेलं. आवाज नाही. आजी, हातात एसटीचं तिकीट. तिकिटावर माझं नाव वाकडं. घाई."

एवढं पुरेसं आहे. दात घासल्यावर या पंधरा-सोळा शब्दांवरून पानभर मजकूर उभा राहतो, कारण प्रत्येक शब्दाच्या मागे चित्र असतं. 'आवाज नाही' ही नोंद तर सोन्यासारखी आहे. पुलाला पाणी लागलं असताना आवाज नसणं प्रत्यक्षात शक्यच नाही. या नोंदीचा उपयोग पुढे येतो.

काहीच आठवलं नाही त्या दिवशीही तारीख घालून 'आठवत नाही' असं लिहा. सवय मोडत नाही. नेटाने केलं तर बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवतो. लिहिता येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी लगेच सांगा. जुन्या घरांत आजी सकाळी नातवंडांना 'काय सपान पडलं?' असं विचारायची. तो या वहीचाच तोंडी प्रकार होता आणि तो पुन्हा सुरू करण्यासारखा आहे.

एक गोष्ट मात्र आवर्जून टाळा. बसस्टँडवर मिळणाऱ्या स्वप्नफळांच्या पुस्तिकेत नोंदींचे अर्थ शोधू नका. साप दिसला म्हणजे धनलाभ, दात पडला म्हणजे मृत्यू, असं वाचायला लागलं की माणूस स्वप्न नोंदवायच्या ऐवजी घाबरायला लागतो, आणि मग जे दिसलं ते न लिहिता जे बरं वाटेल ते लिहितो.

चौकट : हे करू नका

• गजर लावून रोज झोप मोडू नका. पहाटे उठून पुन्हा झोपण्याचा, पुढे सांगितलेला प्रयोग फक्त सुटीच्या दिवशी, झोप पुरी होत असेल तरच.

• रात्रपाळीच्या आठवड्यात, किंवा दुसऱ्या दिवशी घाटातून गाडी चालवायची असेल तर प्रयोग बंद.

• ब-६ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने स्वप्नं जास्त आठवतात, असं ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात दिसलं. पण अशी मात्रा दीर्घकाळ घेतल्यास हातापायांच्या नसांना इजा होते. हा मार्ग नको.

• भास होण्याचा किंवा वास्तवाचं भान सुटण्याचा आजार कधी झाला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय सजग स्वप्नांच्या वाटेला जाऊ नका.

स्वप्नात असताना जागं होणं

बिरवाडीच्या पुढे शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध याच घळीत सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी श्रद्धा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये ही जागा शोधून काढली. दासबोधात स्वप्नाचा दृष्टांत वारंवार येतो. जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्या या चार अवस्थाही येतात. समर्थांचा रोख संसाराच्या भ्रमातून जागं होण्यावर आहे. आपला इथला प्रश्न त्यापुढे फार लहान आहे: अंथरुणात झोपलेल्या माणसाला स्वप्नातच स्वप्नाची ओळख पटू शकते का?

शास्त्रज्ञांना बराच काळ हे पटत नव्हतं. १९१३ मध्ये फ्रेडरिक व्हान एडन या डच मनोविकारतज्ज्ञाने स्वतःच्या अशा स्वप्नांवर निबंध वाचला, पण पुरावा त्याचा शब्द एवढाच. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी युक्ती केली. रेम झोपेत अंग लुळं असतं, पण डोळे हलतात. म्हणून ॲलन वर्स्ली या स्वयंसेवकाशी खूण ठरली: स्वप्न ओळखू आलं की डोळे ठरलेल्या रीतीने डावी-उजवीकडे फिरवायचे. तशी खूण यंत्राच्या कागदावर उमटली, आणि त्या वेळी वर्स्ली रेम झोपेत होता. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवलं. २०२१ मध्ये चार देशांतल्या प्रयोगशाळांनी तर झोपलेल्या माणसाला 'आठातून सहा गेले किती?' असं विचारलं आणि एकाने स्वप्नातून डोळे दोनदा फिरवून उत्तर दिलं.

हे काही सिद्धपुरुषांचं काम नाही. जगभरच्या पन्नास वर्षांच्या पाहण्या एकत्र केल्यावर २०१६ मध्ये असं निघालं की सुमारे ५५ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी सजग स्वप्न पडतं.

इथे वही कामाला येते. महिनाभराच्या नोंदी एका बैठकीत वाचा आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टींखाली रेघ मारा. कुणाला पूल दिसतो, कुणाची एसटी सुटते, कुणाला परीक्षेचा पेपर कोरा मिळतो, गेलेलं माणूस ओटीवर बसलेलं असतं. या आपल्या स्वप्नखुणा. लाबर्ज यांची रीत यावर उभी आहे. पहाटे जाग आल्यावर नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं, त्यातली खूण शोधायची, आणि पुन्हा झोपी जाताना मनाशी म्हणायचं: 'पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा हे स्वप्न आहे हे मला आठवेल.' त्याच स्वप्नात आपण पुन्हा आहोत आणि या वेळी खूण ओळखली आहे, असं डोळ्यांसमोर आणायचं. आवाज नसलेला पूर दिसला की थांबायचं, आजीच्या हातातल्या तिकिटावरचं नाव दोनदा वाचायचं. स्वप्नातली अक्षरं दुसऱ्यांदा वाचताना बहुधा बदलतात. दिवसाही अधूनमधून हीच तपासणी मनापासून करावी. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहणं हीही एक चांगली तपासणी आहे, कारण स्वप्नात तो चालूच राहतो.

सुटीच्या दिवशी पाचेक तास झोपून उठणं, थोडा वेळ वही चाळणं आणि मग पुन्हा झोपणं, याने शक्यता वाढते, कारण पुढची झोप रेमने भरलेली असते. ऑस्ट्रेलियातल्या डेनहोम ॲस्पी यांच्या २०१७ च्या अभ्यासात या सगळ्या युक्त्या एकत्र वापरणाऱ्यांना साधारण सहा रात्रींतून एकदा सजग स्वप्न पडलं. जे मनाशी वाक्य म्हणून झाल्यावर पाच मिनिटांत झोपी गेले, त्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्या रात्रींवर गेलं. पहिल्यांदा ओळख पटली की आनंदाने जाग येते. ते टाळायला स्वप्नातले हात एकमेकांवर चोळावेत.

कधी उलटंही होतं. मन जागं होतं आणि अंग अजून रेमच्या लुळेपणात असतं. छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं, हाक मारावी तर आवाज फुटत नाही. आपल्याकडे याला लगेच बाहेरचं म्हणतात आणि उतारे निघतात. ही काही सेकंद ते एक-दोन मिनिटांची निद्रा-जडता आहे. ती घातक नसते. शांतपणे श्वास घेत एखादं बोट हलवायचा प्रयत्न केला की ती सुटते.

विंचू, दरड आणि वाईट स्वप्नं

आता त्या रसायनाकडे परत येऊ. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने इथली धडधाकट माणसं, मुलं मरत होती. विंचवाच्या विषाने शरीरात अॅड्रेनॅलिन आणि नॉरअॅड्रेनॅलिनचा लोंढा सुटतो, हृदय कोलमडतं, फुप्फुसांत पाणी भरतं. बावस्करांनी रुग्णाजवळ रात्ररात्र बसून हे बारकाईने नोंदवलं. त्यांचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध त्यांनी दंशावर वापरलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने घटलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तेच प्राझोसिन नंतर अमेरिकेत युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या दुःस्वप्नांवर वापरलं गेलं. जबर धक्का बसलेल्या माणसात नॉरअॅड्रेनॅलिन झोपेतही पुरतं शांत होत नाही, असा त्यामागचा तर्क. इथे ग्रामसेवक रजेवर जातच नाही. तोच प्रसंग रात्रीमागून रात्री तसाच्या तसा उमटतो आणि माणूस घामाघूम होऊन उठतो. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत औषधाचा गुण दिसला. २०१८ मध्ये ३०४ सैनिकांवरच्या मोठ्या अभ्यासात मात्र ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. काही डॉक्टर निवडक रुग्णांना ते अजून देतात. मनाने घ्यायचं औषध ते नव्हेच, कारण रक्तदाब एकदम उतरू शकतो.

महाड-पोलादपुरात अशी स्वप्नं किती घरांत असतील याची कल्पना करता येते. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई इथे दरडी आल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही दरडी कोसळल्या, महाड शहर पाण्याखाली होतं. ज्याने हे पाहिलंय त्याला स्वप्न आठवण्याची वही देणं म्हणजे जखम उकरणं आहे. त्याच्यासाठी वेगळी रीत आहे. दिवसाउजेडी, समुपदेशकाच्या सोबतीने, दुःस्वप्न कागदावर लिहायचं, त्याचा शेवट स्वतःच्या मनाने बदलायचा आणि बदललेलं स्वप्न रोज थोडा वेळ डोळ्यांसमोर आणायचं. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अत्याचारातून वाचलेल्या स्त्रियांची दुःस्वप्नं याने लक्षणीय कमी झाली. काहींना सजग स्वप्नाचाही उपयोग होतो, पण ती नंतरची पायरी आहे.

केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. तुमच्या वाडीत पावसाचा जोर वाढला की रात्री दचकून उठणारं कुणी असेल, तर हा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये आजच घालून द्या, आणि पहिला फोन लावताना त्यांच्याशेजारी बसा.